साडेपाच अंशांची साक्ष

नागपूरच्या उन्हाळ्याची चर्चा पारा आणि सरासरी या दोन शब्दांभोवती फिरते. नुसती सरासरी किती फसवू शकते, हे 30 मे 2024 रोजी, ऐन नवतप्यात दिसले. नागपूर परिसरातल्या चार स्वयंचलित हवामान केंद्रांपैकी एकाने 56 अंश नोंदवले, दुसऱ्याने 54, उरलेल्या दोघांनी 44. सरासरी येते 49.5, पण चौघांपैकी एकाही केंद्रावर एवढे तापमान नव्हते. आता प्रत्येक आकडा या सरासरीपासून किती दूर आहे ते, वर की खाली हे न बघता, मांडू: 6.5, 4.5, 5.5, 5.5. बेरीज 22, चाराने भागली की 5.5. हेच सरासरी विचलन. अधिक-उणे चिन्हे ठेवली असती तर बेरीज शून्य आली असती आणि सगळा मतभेद झाकला गेला असता.

चिन्ह सोडून अंतर मोजण्याची ही रीत पृथ्वीच्या मोजणीतून पुढे आली. पाच ठिकाणची रेखावृत्तांची मापे एकमेकांशी जुळेनात, तेव्हा 1757 साली शास्त्रज्ञ बोस्कोविच यांनी अशा अंतरांची बेरीज कमीत कमी ठेवण्याची कसोटी मांडली. पृथ्वीच्या आकाराचा तोच प्रश्न घेऊन विल्यम लॅम्बटन दक्षिणेतून मोजणी करत वर आले. नागपूरच्या वाटेवर, 20 जानेवारी 1823 रोजी, हिंगणघाटला त्यांचे निधन झाले. मापांतला मतभेद लपवायचा नाही, तोही मोजायचा, ही शिस्त मला या साऱ्या परंपरेचा गाभा वाटते.

यावर पहिला आक्षेप वर्गाधारित प्रमाण विचलनाच्या बाजूने येतो. खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांनी 1914 मध्ये साध्या सरासरी विचलनाची बाजू घेतली. 1920 मध्ये संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी निर्दोष प्रसामान्य आकड्यांसाठी प्रमाण विचलनच सरस असल्याचे सिद्ध केले. ते खरेच आहे, पण अट ‘निर्दोष’ ही आहे. वर्ग केला की चुकीच्या आकड्याचे वजन आणखी वाढते, आणि उन्हात तापलेल्या यंत्रांकडून निर्दोषपणाची हमी कोण देणार? दुसरा आक्षेप अधिक जड आहे: चूक कोणाची, हे सरासरी विचलन सांगत नाही. इथे तर सरासरीपासून सर्वांत लहान अंतर 54 या आकड्याचे आहे, आणि देशाचा विक्रमच 51 अंशांचा, 2016 मध्ये फलोदीत नोंदलेला. म्हणून साडेपाच अंश हा निवाडा नव्हे, यंत्रे तपासा असे सांगणारी साक्ष आहे. हवामान विभागाने तपासले. 56 हा आकडा सेन्सरच्या बिघाडाचा निघाला. नागपूरचा उच्चांक 23 मे 2013 चा, 47.9 अंशांचाच राहिला.