सार्वजनिक आरोग्याचे नियंत्रण (अहिल्यानगर जिल्हा)

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रे परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे व जिल्हा रुग्णालय शासनाच्या जिल्हा शल्यचिकित्सकाकडे, अशी द्विविध व्यवस्था रूढ झाली. परंतु पदे, निधी व कार्यक्रम यांची सूत्रे मंत्रालयाकडेच राहिल्याने परिषदेचा अंमल बहुधा कार्यवाहीपुरता उरला, हे या व्यवस्थेचे मूळ वैगुण्य होय.

या चौकटीबाहेर, १९७० मध्ये रजनीकांत व मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने जामखेड येथे जो प्रकल्प आरंभिला, त्यात गावानेच निवडलेल्या, पुष्कळदा निरक्षर व दलित स्त्रिया बाळंतपणे करीत, मुलांची वजने घेत आणि जुलाबाने कोमेजलेल्या अर्भकास घरच्याच मीठ-साखरेचे पाणी पाजण्यास आईस शिकवीत. शासनाच्या ‘आशा’ स्वयंसेविका योजनेच्या कितीतरी आधीचे हे कार्य जिल्ह्याचे खरे भूषण आहे.

कोविडकाळात १८९७ च्या साथरोग कायद्यान्वये व्यापक अधिकार जिल्हाधिकाऱ्याकडे आले व ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याच्या हुकुमाने ६१ गावे बंद झाली. असा हुकूम प्रसंगी अपरिहार्य असतो. तथापि रुग्णाचा शोध व विलगीकरण शेजारच्या माणसांच्या विश्वासावरच चालते. जिल्ह्यातीलच हिवरे बाजार या गावाने ग्रामपंचायत व गावकऱ्यांच्या पथकांकरवी घरोघर तपासणी करून साथ आटोक्यात आणली आणि अशा प्रयत्नांना उत्तेजन म्हणून जून २०२१ मध्ये शासनाने राज्यभरासाठी ‘कोरोनामुक्त गाव’ स्पर्धा जाहीर केली.