गोंडवाना विद्यापीठ
महाराष्ट्रातील एक संलग्नक विद्यापीठ. नागपूर विद्यापीठाचे (स्थापना १९२३) विभाजन होऊन २७ सप्टेंबर २०११ रोजी गडचिरोली येथे त्याची स्थापना झाली. चंद्रपूर व गडचिरोली हे वनबहुल जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. तत्पूर्वी विद्यापीठीय कामासाठी गडचिरोलीच्या विद्यार्थ्यांना सु. १७० किमी. वरील नागपूर गाठावे लागे.

या विभाजनाचा लाभ सर्वांना सारखा झाला नाही. गडचिरोलीच्या पूर्वेस सु. ३५ किमी. वर असलेल्या धानोऱ्याच्या विद्यार्थ्यास विद्यापीठात जाऊन त्याच दिवशी परतता येते. दक्षिण टोकाचे सिरोंचा मात्र सु. २०० किमी. दूर आहे. बहुसंख्य विद्यार्थी विद्यापीठाच्या आवारात नव्हे, तर ठिकठिकाणच्या संलग्न महाविद्यालयांत शिकतात. धानोऱ्यातही असे महाविद्यालय आहे. साहजिकच ग्रंथालय, प्रयोगशाळा व क्रीडांगण या सोयी विद्यार्थ्यास त्याच्या महाविद्यालयात असतील तेवढ्याच लाभतात. जंगलातील लहान गावे व टोले येथून येणाऱ्यांना रोजचा प्रवास शक्य नसतो. त्यांच्यासाठी आदिवासी विकास विभागाची शासकीय वसतिगृहे हाच मुख्य आधार होय. तेथे प्रवेश न मिळाल्यास जवळ आलेले विद्यापीठही त्यांना दूरचेच राहते.