घूं आवाजाचं कूळ आणि मूळ

सिनेमा लावलेला नाही, आवाज शून्यावर आहे, तरी कोपऱ्यातला सबवूफर घूं करत बसलाय. नगरच्या सावेडीतल्या बंगल्यांपासून राहुरीकडच्या वस्त्यांपर्यंत होम थिएटर बसवून देणाऱ्या कुठल्याही कारागिराला ही तक्रार तोंडपाठ असते. मालक म्हणतो, बेस गेला. दुकानदार म्हणतो, हमिंग आहे, अर्थिंग बघा. वायरमन म्हणतो, अर्थिंग माझं ओके आहे. तिघंही अर्धं अर्धं खरं बोलत असतात. कारण हा आवाज सहसा त्या डब्यात जन्मलेलाच नसतो. त्याचं कूळ शोधायचं तर पार १८३८ सालापर्यंत मागं जावं लागतं.

आधी सूर बघू. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. पेटीच्या भाषेत हा पांढरी पाचचा सूर, किंचित चढा, पण पेटीच्या पट्ट्या जिथं संपतात त्याच्याही खालचा. ५० हा आकडा जर्मनीतल्या एईजी कंपनीनं १८९०च्या दशकात रूढ केला आणि युरोपाबरोबर तो ब्रिटिशांमार्फत आपल्याकडेही स्थिरावला. अमेरिकेनं ६० धरला, म्हणून तिथला सबवूफर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधे कुठंतरी घुमतो. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीनं दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाला जोडलं, तेव्हापासून नगरची घूं आणि मदुराईची घूं एकाच क्षणी एकत्रच चढते-उतरते. ही चढउतार इतकी बारीक आणि इतकी सार्वत्रिक असते, की ध्वनिमुद्रणात चुकून मुरलेली विजेची घूं ग्रिडच्या नोंदींशी ताडून ते मुद्रण कधीचं आहे हे न्यायसहायक विज्ञानातले तज्ज्ञ शोधतात. आपण जिला वैतागतो, ती कुणासाठी पुरावा असते!

आता १८३८. म्युनिकचे कार्ल ऑगस्ट फॉन श्टाइनहाइल रेल्वेचे रूळ तारायंत्राच्या तारा म्हणून वापरता येतील का, ते तपासत होते. प्रयोग फसला, कारण वीज रुळांतून जमिनीत झिरपत होती. पण त्या फसण्यातूनच त्यांना दिसलं, की जमीन स्वतःच वाहक आहे. मग परतीची तार हवी कशाला? एक तार खांबांवरून न्यायची आणि दोन्ही टोकांना जमिनीत पत्रा पुरायचा. निम्मी तार वाचली. जगभरची तारायंत्रं या काटकसरीवर उभी राहिली. पुढं टेलिफोन आला, तोही याच एका तारेवर आणि जमिनीच्या परतीवर. मुंबईत १८८२ साली टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं, त्या काळात जगात बहुतेक ठिकाणी हाच रिवाज होता.

तारायंत्राच्या कट्ट-कडकट्टला थोडी घरघर चालून जायची. टेलिफोनला ती चालेना. शहरांत विजेचे दिवे आणि विजेच्या ट्राम आल्या (मुंबईत ट्राम १९०७ साली), आणि ट्रामही आपली परतीची वीज रुळांतून, म्हणजे जमिनीतूनच पाठवत होती. एकाच जमिनीत दोघांची परत. टेलिफोनच्या कानात ट्राम बोलू लागली. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलनं यावरचा उपाय १८८१ सालीच पेटंट करून ठेवला होता: दोन तारा घ्या, एकमेकींना पीळ द्या, जमिनीला मधे घेऊच नका. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडतो, आणि ऐकणारं यंत्र फक्त दोघींमधला फरक ऐकतं, म्हणून गोंगाट वजा होतो. तांबं दुप्पट लागणार म्हणून कंपन्या कुरकुरल्या. अमेरिकेत जॉन कार्टीसारख्या अभियंत्यांनी तो उपाय पटवून दिला आणि हळूहळू जमिनीची परत टेलिफोनमधून गेली. म्हणजे रोगाचं निदान आणि औषध दोन्ही एकोणिसाव्या शतकातच तयार होतं.

मग घरात तो रोग परत कसा शिरला? माझ्या मते याचा दोष एका स्वस्त पिनेकडे जातो. १९४०च्या आसपास अमेरिकेतल्या आरसीए कंपनीनं ग्रामोफोन रेडिओला जोडायला एक साधी पिन काढली. मधे एक खुंटी, भोवती एक कडं. खुंटीतून आवाज जातो. कडं आणि त्याला जोडलेली तारेची जाळी आवाजाला परत आणते, आणि तीच जाळी बाहेरच्या गोंगाटापासून पडदाही धरते. एका वाहकाला दोन नोकऱ्या. एका डब्यातल्या, हातभर तारेच्या कामाला ते पुरेसं होतं. ती पिन पुढं घराघरात जाईल, दोन वेगवेगळ्या खोल्यांच्या बोर्डांवर चालणारी यंत्रं जोडेल, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. तिची दुसरी खोड अशी, की लावताना आधी खुंटी टेकते आणि कडं नंतर. म्हणून चालू यंत्रात ती घातली की एकदम भर्रर्र होतं. गंमत म्हणजे १९३४च्या ब्रिटिश मानकातून आलेला आपला तीन पिनांचा प्लग नेमका उलटा विचार करून घडवलाय. त्याची अर्थची पिन सगळ्यात जाड आणि लांब, का तर आधी अर्थ टेकावा आणि मग वीज यावी. दोन प्लग, दोन स्वभाव, आणि सबवूफरला दोन्ही लागतात.

सबवूफरची स्वतःची कथा थोडक्यात. १९७४ साली ‘अर्थक्वेक’ चित्रपटासाठी युनिव्हर्सल स्टुडिओनं सेनसराउंड नावाची पद्धत आणली आणि थिएटरच्या खुर्च्या हादरवल्या. डॉल्बीच्या १९९२च्या डिजिटल पद्धतीत पाच मुख्य वाहिन्यांशेजारी फक्त खालच्या सुरांसाठी सहावी, ‘पॉइंट वन’ वाहिनी बसली. ती साधारण १२० हर्ट्झपर्यंत जाते आणि इतरांपेक्षा १० डेसिबल जोरात वाजवली जाते. डीव्हीडीबरोबर हे सगळं घरात आलं. आता हिशेब लावा. छोट्या स्पीकरांना ५० हर्ट्झ नीट वाजवताच येत नाही, म्हणून त्यांच्यातली घूं झाकून राहते. सबवूफर बनलाच आहे या पट्ट्यासाठी, त्यामुळे ५० हर्ट्झ त्याच्या ऐन अंगणात येतो.

आता नगरची जमीन. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत. अर्थिंगसाठी भारतीय मानक ३०४३ ज्या प्लेटा सांगतं (तांब्याची ६० बाय ६० सेंटिमीटरची, भोवती कोळसा आणि मीठ), त्या ओल्या मातीत चांगलं काम करतात. मे महिन्यात काळी माती भेगाळते, प्लेटेपासून सुटते, आणि जमिनीचा विरोध वाढतो. ‘अर्थिंगला बादलीभर पाणी घाल’ हा जुन्या वायरमनचा सल्ला म्हणूनच खरा आहे. त्यातून ग्रामीण जिल्ह्यात आणखी एक भानगड. श्रीरामपूर-राहुरी पट्ट्यात १९७०च्या सुमारास मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था उभी राहिली, देशातल्या पहिल्या ग्रामीण वीज सहकारी संस्थांपैकी एक. २०११ साली तिचा परवाना संपून वितरण महावितरणकडे गेलं. वीज वस्तीवर पोचली ती लांबलांबच्या तारांवरून. अशा ठिकाणी डीपीवरचा न्यूट्रल सैल झाला वा तुटला, की काही लोक सळई जमिनीत ठोकून तिलाच न्यूट्रल करतात. श्टाइनहाइलची काटकसर इथं अजून जिवंत आहे, पण यात माणसं आणि जनावरं शॉक लागून मरतात, तेव्हा तिचं कौतुक नको. आपल्या विषयापुरतं एवढंच, की त्या सळईमुळे आसपासच्या जमिनीचा व्होल्टेज ठिकाणागणिक बदलतो.

आता घरात सबवूफर एका बोर्डावर, त्याला आवाज पाठवणारा रिसीव्हर दुसऱ्या बोर्डावर, आणि दोन्ही बोर्डांचे अर्थ दूरदूरच्या मार्गानं जमिनीत गेलेले असले, तर दोघांमधे काही मिलिव्होल्टचा फरक राहतो. शेजारच्या दोन विहिरींची पाणीपातळी वेगळी असली आणि मधे आडवं बोअर मारलं तर पाणी वाहणारच. आरसीएची जाळी हे ते आडवं बोअर आहे. जाळी आणि दोन्ही अर्थ मिळून एक वळसा तयार होतो, त्यातून ५० हर्ट्झचा प्रवाह वाहतो, आणि जाळी हाच आवाजाचा परतीचा रस्ता असल्यानं सबवूफरचा ॲम्प्ली त्या प्रवाहालाच आवाज समजून वाढवतो. शहरात तिसरी विहीरही असते: गच्चीवरून गच्चीवर आलेली केबल. तिचा पडदा कुठल्या तरी दुसऱ्याच इमारतीत अर्थला टेकलेला असतो.

उलटाही रोग आहे, आणि तो जुन्या वाड्यांत जास्त. तिथं अर्थ दोन नसतात, एकही नसतो. तीन पिनांचं सॉकेट भिंतीवर आहे, पण मागं अर्थची तार जोडलेलीच नाही. आजच्या बहुतेक यंत्रांच्या पॉवर सप्लायमधे फेज आणि न्यूट्रलमधून बॉडीकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थ नसला की बॉडी मधेच लटकते, तिच्यावर मोजलं तर शंभरेक व्होल्टही दिसतात, प्रवाह मात्र अगदी थोडा. लॅपटॉपच्या पत्र्यावर हात फिरवताना येणाऱ्या मुंग्या त्याच. तोच थोडा प्रवाह आरसीएच्या जाळीतून वाट काढतो, आणि घूं तशीच ऐकू येते. एकाच आवाजामागं दोन उलटी कारणं, म्हणून ‘अर्थिंग बघा’ एवढ्यानं भागत नाही.

शोध घ्यायचा तर कुळाच्या क्रमानंच. आधी यंत्रं बंद करून सबवूफरच्या मागची आरसीए काढायची आणि तो पुन्हा चालू करायचा. घूं कायम राहिली तर दोष डब्यातला: पॉवर सप्लायचे दमलेले कपॅसिटर, आणि मग सूर बहुतेकदा ५० नव्हे तर १००चा, एक सप्तक वरचा आणि जरा खरखरीत असतो. आरसीए काढताच शांत झाला, तर सबवूफर निर्दोष. मग आरसीए परत लावून टीव्हीची केबल किंवा डिशची तार सेट टॉप बॉक्समधून काढून बघायची. कितीतरी घरांत गुन्हेगार इथंच सापडतो, आणि त्या तारेवर बसवायचा छोटा आयसोलेटर पुरतो. नाहीतर सबवूफर आणि रिसीव्हर एकाच एक्स्टेन्शनवर आणायचे, म्हणजे दोन विहिरींची एक विहीर होते. टीव्हीकडून रिसीव्हरकडे आवाज ऑप्टिकल तारेनं नेला तरी एक वळसा तुटतो; काचेतून किंवा प्लॅस्टिकमधून प्रकाश जातो, वीज जात नाही. एवढ्यानं भागलं नाही तर आरसीएच्या वाटेवर ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर.

एक ‘उपाय’ मात्र सर्रास केला जातो आणि तो गुन्हाच मानायला हवा: सबवूफरच्या प्लगची अर्थची पिन तोडणे, किंवा दोन पिनांचं ॲडाप्टर घालणे. घूं बहुतेकदा जाते, कारण वळसा तुटतो. उद्या आतली फेजची तार सुटून पत्र्याला लागली, तर फ्यूज उडवण्याची वाटही त्याच पिनेबरोबर तुटलेली असते.

घरात हा सगळा खटाटोप, पण मंगल कार्यालयात किंवा सप्ताहाच्या मांडवात माइकची केबल जनरेटरच्या तारेशेजारून पाच-पन्नास मीटर जाते आणि घूं येत नाही. साउंडवाला ज्या पिनेला ‘कॅनन’ म्हणतो, ती लॉस एंजेलिसच्या कॅनन कंपनीची. तिच्यात पडदा वेगळा आणि आवाजाच्या पीळ दिलेल्या दोन तारा वेगळ्या, म्हणजे १८८१चं पेटंटच. महागड्या सबवूफरांच्या पाठीवर कॅननचं सॉकेट असतंही. रिसीव्हरच्या मागं मात्र आरसीएच असल्यामुळे बहुतेक घरांत ते रिकामंच राहतं.