पानांचं बिऱ्हाड आणि उसनी परवानगी

गेल्या शुक्रवारी संध्याकाळी घरी निघायच्या घाईत असताना एक रिव्ह्यू समोर आला. टीममधल्या एका मुलाने नवीन कॉल लिहिला होता. कोड नीटनेटका, टेस्ट सगळ्या पास. परवानगीच्या तपासणीपाशी टीप होती, "शेजारच्या फंक्शनमधून जशीच्या तशी घेतली आहे." माझा माऊस 'मंजूर'वर गेलासुद्धा होता. तेवढ्यात लिनक्सची एक जुनी गोष्ट आठवली आणि हात थांबला. आज तीच गोष्ट.

मोठ्या सर्व्हरमध्ये सगळी मेमरी एका जागी नसते. प्रोसेसरांच्या प्रत्येक गटाला, म्हणजे नोडला, आपली जवळची मेमरी असते. दुसऱ्या नोडची मेमरीही वापरता येते, पण तिथपर्यंत जायला वेळ जास्त लागतो. या रचनेला न्यूमा म्हणतात. एसजीआय कंपनीची ऑल्टिक्स यंत्रं याच जातीची. २००४ साली नासाने उभारलेल्या कोलंबिया महासंगणकात प्रत्येकी ५१२ प्रोसेसरची २० ऑल्टिक्स होती, आणि सगळी लिनक्सवर चालत होती.

आता समजा, एक प्रोग्रॅम एका नोडवर सुरू झाला, मेमरी त्याने तिथेच घेतली, आणि नंतर त्याला दुसऱ्या नोडवर हलवलं. माणूस नव्या गावी आणि बिऱ्हाड जुन्याच गावी! डेटा वाचायला दर वेळी हेलपाटा. उपाय असा की त्याची पानं, म्हणजे बहुतेक यंत्रांवर ४ किलोबाइटचे तुकडे, नव्या नोडवर न्यायची आणि पेज टेबलमधली नोंद बदलायची. प्रोग्रॅमला काही कळत नाही, त्याच्या लेखी पत्ता तोच राहतो. हे तंत्र मुळात मेमरी हॉटप्लगच्या, म्हणजे चालू यंत्रातून मेमरी काढता-घालता येण्याच्या कामातून आलं.

तंत्र तयार झालं, पण ते बाहेरच्या प्रोग्रॅमच्या हाती द्यायचं कसं? खरा काथ्याकूट त्यावर झाला. २००५च्या सुरुवातीला एसजीआयच्या रे ब्रायंट यांनी मांडलेल्या कॉलमध्ये प्रोसेसच्या क्रमांकाबरोबर पत्त्यांची रेंजही द्यायची होती. हरकत आली ती अशी, की दुसऱ्याच्या घरातली मांडणी बाहेरच्याला माहीत असायचं कारणच काय? मार्च २००६ मध्ये २.६.१६ बरोबर 'मायग्रेट_पेजेस' आला, त्यात पत्ते नव्हते. अमुक प्रोसेस, जुने नोड, नवे नोड, बस्स.

पण काहींना एकेक पान निवडून हलवायचं होतं. म्हणून सप्टेंबर २००६ मध्ये २.६.१८ बरोबर 'मूव्ह_पेजेस' आला. दोन्हींमागे एसजीआयचेच क्रिस्टोफ लॅमेटर. या दुसऱ्या कॉलला पत्त्यांची यादी द्यायची, तो प्रत्येक पानाचा निकाल देतो. नव्या नोडची यादी दिलीच नाही तर काही हलवत नाही, कुठलं पान कुठे आहे एवढंच सांगतो. म्हणजे पुढच्या दाराने नाकारलेले पत्ते मागच्या दाराने आत आले.

आणि परवानगी? ती सिग्नल पाठवण्याच्या नियमावरून उचललेली होती. म्हणजे ज्या प्रोसेसला तुम्ही 'बंद हो' म्हणू शकता, तिची पानंही हलवू शकता. वरवर पाहता रास्तच की! बंदच करता येते, तर पानं हलवल्याने असं काय बिघडणार?

बिघडत होतं. सिग्नल पाठवला की तुम्ही फक्त देता, आतलं काही कळत नाही. मूव्ह_पेजेस मात्र उत्तर देतो. या पत्त्यावर पान आहे, तिथे आत्ता नाही, त्या जागी काही मांडलेलंच नाही. तुम्ही सुरू केलेला सेटयूआयडी प्रोग्रॅम रूटच्या अधिकाराने चालतो, पण सिग्नलच्या नियमाने तो तुमचाच. त्याला एकेक पत्ता विचारत गेलं की त्याच्या मेमरीचा नकाशा हाती येतो. हल्लेखोराला पत्ते कळू नयेत म्हणून एएसएलआर मेमरीची मांडणी दर वेळी बदलतं, ती मेहनत वाया.

हे भोक बुजलं ऑगस्ट २०१७ मध्ये. म्हणजे जवळजवळ ११ वर्षांनी! टॉरवल्ड्स यांनी सिग्नलचा नियम काढून पीट्रेसचा, म्हणजे दुसऱ्या प्रोसेसच्या आत डोकावण्याचा, नियम लावला. काही महिन्यांनी मायग्रेट_पेजेसलाही तोच लागला. त्याआधी २०१० मध्ये याच मूव्ह_पेजेसमध्ये आणखी एक चूक सापडली होती. वापरणाऱ्याने दिलेला नोडचा आकडा तपासलाच जात नव्हता.

मला यात कुणाला नावं ठेवायची नाहीत. मोठमोठ्या लोकांनी हा कोड पाहिला होता. पण पानं बरोबर हलतात का, वेगाने हलतात का, हेच बहुधा सगळे बघत होते. उत्तरातून काय गळतंय हा प्रश्न राहून गेला. आणि एकदा दिलेला कॉल परत घेता येत नाही. ऑल्टिक्समधल्या इटॅनियम प्रोसेसरचा आधार जानेवारी २०२४ मध्ये ६.७ बरोबर लिनक्समधून गेला. दोन्ही कॉल मात्र आहेत तिथेच आहेत.

असो. मी मंजूर केलं नाही. त्या मुलाला एवढंच लिहिलं, "हा कॉल उत्तरात काय काय सांगतो त्याची यादी कर. परवानगी मग ठरवू."

सोमवारी त्याने यादी आणली. एरर मेसेजमध्ये दुसऱ्याच ग्राहकाच्या खात्याचं नाव जात होतं. त्याचा चेहरा पडला होता. मी त्याला म्हटलं, "अरे, शुक्रवारी मीसुद्धा हो म्हणणारच होतो."