डब्यात राहिलेली उपासना

सेमिनरीत असताना आमच्या एका सहाध्यायाजवळ एक ध्वनिफीत होती. मूळ विकतची नव्हे. कुणाकडून तरी उतरवून घेतलेली. वेष्टनावर निळ्या शाईने ‘अरिथा फ्रँकलिन – चर्चमधील गाणी’ एवढेच लिहिलेले. रात्रीच्या मौनाची घंटा होण्यापूर्वीचा अर्धा तास आमचा स्वतःचा असे. तेवढ्या वेळात, आवाज अगदी लहान करून, आम्ही तीन-चार जण ती फीत ऐकत असू. गाणारी कोण, ही गाणी कोणत्या मंदिरात आणि कोणत्या निमित्ताने गायली गेली, याची आम्हांला काहीच माहिती नव्हती. मात्र गाण्यामागे माणसे होती. कुणी ओरडत होते, कुणी ‘आमेन’ म्हणत होते आणि मध्येच एक घोगरा पुरुषी आवाज गाणारीला जणू पुढे ढकलीत होता. दिवसा वर्गात आम्ही शिकत होतो की, पवित्र संगीतात गायकाने स्वतःला विसरावे आणि ग्रेगोरियन गायनाला अग्रमान द्यावा. रात्री मात्र ही फीत! या दोहोंचा मेळ कसा घालावा हे त्या वयात उमगत नव्हते, आणि गुरुजनांना विचारण्याचे धाडसही नव्हते.

त्या आवाजांना चेहरे मिळण्यास आम्हांला जवळजवळ तीस वर्षे थांबावे लागले. ‘अमेझिंग ग्रेस’ या नावाचा सुमारे दीड तासाचा चित्रपट आमच्या पुतण्याने एका सायंकाळी धर्मगुरुनिवासातील दूरदर्शन संचावर लावून दिला. सोबतीला आमच्या धर्मग्रामातील वृद्ध ऑर्गनवादक होते. आम्ही दोघेच खुर्च्या ओढून बसलो. ही त्याच ध्वनिफितीची दृश्यबाजू होती. १९७२ साली, जानेवारीच्या १३ आणि १४ तारखेच्या रात्री, जे गायले गेले ते त्याच वेळी चित्रितही झाले होते. पण लोकांसमोर आले ते २०१८च्या नोव्हेंबरात. म्हणजे ही उपासना सेहेचाळीस वर्षे डब्यात पडून होती. ती का पडून होती, याची कथा गाण्याइतकीच विचार करायला लावणारी आहे.

अरिथा फ्रँकलिनचा जन्म १९४२चा, मेम्फिस येथील. बालपण गेले डेट्रॉइट शहरात. वडील रेव्हरंड सी. एल. फ्रँकलिन हे तेथील न्यू बेथेल बाप्टिस्ट चर्चचे पाळक. त्यांची प्रवचने इतकी गाजलेली की, त्यांच्या तबकड्या निघत आणि गाण्यांसारख्या घरोघरी वाजत. आई लवकर वारली. घरी येणारे-जाणारे कोण, तर कृष्णवर्णीयांच्या सुवार्तासंगीतातील, म्हणजे ज्याला तिकडे ‘गॉस्पेल’ म्हणतात त्यातील, मोठमोठी मंडळी: महेलिया जॅक्सन, क्लारा वॉर्ड, आणि तरुण जेम्स क्लीव्हलंड, जो पुढे त्याच चर्चमध्ये संगीतप्रमुख होता. चौदा वर्षांच्या अरिथाची पहिली गाणी वडिलांच्या चर्चमध्येच मुद्रित झाली. १९६० साली तिने एका मोठ्या कंपनीशी करार करून लौकिक गाण्यांची वाट धरली. १९६७ साली ‘रिस्पेक्ट’ हे गाणे आले, आणि १९६८ साली ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तिचे चित्र झळकले.

आता, पाळकाच्या मुलीने बाजारात गावे, यावर मंडळीत कुजबुज होणारच. अशा कुजबुजीची आपल्याकडच्या वाचकांना वेगळी ओळख करून देण्याचे कारण नाही. १९७२ साली, कीर्तीच्या ऐन शिखरावर असताना, तिने ठरवले की पुढचा संग्रह भक्तिगीतांचा करावयाचा, आणि तो ध्वनिमुद्रणगृहात नव्हे, तर चर्चमध्ये, मंडळीसमोर.

स्थळ निवडले गेले लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागातील न्यू टेम्पल मिशनरी बाप्टिस्ट चर्च. हा वॉट्सचा परिसर. १९६५च्या ऑगस्टमध्ये येथे सहा दिवस दंगल उसळली होती आणि ३४ माणसे मेली होती. चर्चची वास्तूही पहा: ती पूर्वी चित्रपटगृह होती. पडदा निघाला, प्रवचनपीठ आले. खुर्च्या मात्र नाट्यगृहासारख्याच राहिल्या. चित्रपटगृहाचे चर्च झाले, त्या चर्चमध्ये चित्रपट घेणारे आले, आणि अखेरीस तो चित्रपट आमच्या बैठकीच्या खोलीत येऊन पोहोचला!

पहिल्या रात्री जेम्स क्लीव्हलंड उभा राहून मंडळीला सांगतो की, कॅमेरे आले असले तरी हे चर्च आहे आणि आपण उपासनेसाठी जमलो आहोत, हे विसरू नका. तो बोलू लागताच आम्ही दचकलो. फितीवरचा घोगरा आवाज हाच! तो अरिथाचा बालपणापासूनचा मार्गदर्शक. सदर्न कॅलिफोर्निया कम्युनिटी कॉयर हा त्याचा गायकवृंद चंदेरी बंड्या घालून मागे बसलेला. अलेक्झांडर हॅमिल्टन हा उंच, चपळ तरुण त्यांचे संचालन करीत असलेला. आणि शुभ्र झग्यातील अरिथा येते, पियानोपाशी बसते, आणि गाऊ लागते.

आमचे लक्ष गेले ते तिच्या न बोलण्याकडे. दोन रात्रींत ती जवळजवळ काहीच बोलत नाही. श्रोत्यांना अभिवादन नाही, विनोद नाही, आभार नाहीत. डोळे बहुधा मिटलेले. कपाळावरून घाम ओघळतो आहे, प्रखर दिव्यांनी तो चमकतो आहे. आमचे ऑर्गनवादक बराच वेळ स्तब्ध होते, मग हळूच म्हणाले, “फादर, ह्या बाईला टाळ्या नकोतच.” सेमिनरीतला आमचा प्रश्न त्यांनी चार शब्दांत निकालात काढला होता. इतका प्रचंड आवाज, इतक्या ताना, आणि तरी ती स्वतः कुठे दिसत नव्हती.

ढोल-ताशाविषयी एक गंमत येथे सांगितली पाहिजे. १९०३ साली पोप दहावे पायस यांनी पवित्र संगीताविषयी जे आज्ञापत्र काढले, त्यात चर्चमध्ये पियानो निषिद्ध ठरवला होता. ड्रम आणि झांजांसारखी गोंगाटी वाद्येही. या चित्रपटात पियानो तर मध्यभागीच आहे, आणि बर्नार्ड पर्डी हा त्या काळचा नामांकित ड्रमवादक मागे बसला आहे. पुढे १९६३ साली व्हॅटिकन महासभेने उपासनेसंबंधीच्या संविधानात ग्रेगोरियन गायनाचे अग्रस्थान कायम ठेवून लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरांनाही मान द्यावा असे सांगितले, म्हणून आज आमच्या वेदीपाशी ढोलकी वाजते. हे आठवून आम्ही दोघेही हसलो. ऑर्गनवादकांचे हसणे थोडे सावध होते. ढोलकीशी त्यांचे अजून पुरते जमलेले नाही.

चित्रपटाला नाव देणारे ते स्तोत्र पहिल्या रात्रीच्या अखेरीस येते. त्याचा कर्ता जॉन न्यूटन. हा इंग्रज माणूस तरुणपणी गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांवर होता, कप्तानही होता. पुढे तो अँग्लिकन धर्मगुरू झाला, आणि ओल्नी या गावी १७७३च्या नववर्षदिनाच्या उपासनेसाठी त्याने हे पद रचले. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याने उघड लेखणी उचलली ती मात्र १७८८ साली, म्हणजे पद रचल्यावर पंधरा वर्षांनी. (पश्चात्ताप पुष्कळदा असाच हप्त्याहप्त्याने येतो, असे पापनिवेदन ऐकणाऱ्याचा अनुभव आहे.) त्या पदाला आजची चाल मिळाली १८३५ साली, अमेरिकेत. आणि जवळजवळ दोनशे वर्षांनंतर, ज्यांचे पूर्वज अशाच जहाजांच्या तळाशी साखळदंडांत आले, त्यांची एक लेक ते पद दहा मिनिटांहून अधिक वेळ गाते. एकेक शब्द इतका लांबवते की, त्यातील अक्षरे वेगळी होऊन पुन्हा जुळतात. क्लीव्हलंडला ते सोसत नाही. तो पियानो सोडून बाजूला बसतो आणि तोंड झाकून रडू लागतो. वृंदातील काही जण उठून उभे राहतात. ध्वनिफितीवर आम्ही हे शेकडो वेळा ऐकले होते. एक माणूस रडतो आहे हे आम्हांला कधीच कळले नव्हते.

दुसऱ्या रात्री वडील आले, त्यांच्याबरोबर क्लारा वॉर्ड आणि तिची आई. गर्दीत मागे मिक जॅगर हा इंग्रज गायकही दिसतो. पण तिकडे पाहण्यात आम्हांला रस वाटला नाही. रेव्हरंड फ्रँकलिन बोलावयास उभे राहतात आणि सांगतात की, अरिथा चर्चमध्ये परत आली का, असे लोक विचारतात. खरे तर तिने चर्च कधी सोडलेच नव्हते. एवढे बोलून कुजबुजीचा निकाल लागला. नंतर मुलगी पियानोपाशी गात असता ते उठतात, जवळ जातात आणि रुमालाने तिचा घाम पुसतात. ती गाणे थांबवीत नाही. लहान मुलीचे तोंड बाप पुसतो तसे ते पुसणे आहे.

डॉर्सीच्या स्तोत्राचाही उल्लेख करावयास हवा. थॉमस डॉर्सी या संगीतकाराने १९३२ साली पत्नी व नवजात बालक एकदम गमावल्यावर रचलेले हे पद मार्टिन लूथर किंग यांचे आवडते होते, आणि १९६८ साली त्यांच्या अंत्यविधीत महेलिया जॅक्सनने ते गायले. तीच महेलिया १९७१ साली भारतात आली होती. दिल्ली, कोलकाता, मद्रास आणि आपल्या मुंबईतही ती गायली. या दोन रात्रींच्या अवघ्या दोन आठवड्यांनंतर, २७ जानेवारी १९७२ रोजी, ती शिकागोजवळ वारली, आणि तिच्या अंत्यविधीत तेच पद गाण्याची पाळी अरिथावर आली. पुढच्या जानेवारीत क्लारा वॉर्डही गेली. या फितीत एक संपूर्ण पिढी निरोप घेण्याआधी एकत्र बसलेली आहे. बसलेल्यांना ते ठाऊक नाही.

चित्रणाचे काय झाले ते आता सांगतो. ध्वनिसंग्रह १९७२च्या जूनमध्ये निघाला, त्याच्या वीस लाखांहून अधिक प्रती खपल्या, त्याला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. चित्रपटाची जबाबदारी सिडनी पोलॅक या नामवंत दिग्दर्शकाकडे होती. पोलॅक कथाचित्रांचा माणूस. तो पडद्यावर मध्येच दिसतो, हातवारे करून छायाचित्रकारांना दिशा दाखवीत असतो. त्या काळी चित्र एका यंत्रात आणि ध्वनी दुसऱ्यात घेतला जाई. दोन्ही जुळावेत म्हणून प्रत्येक तुकड्याच्या आरंभी लाकडी पाटीचा ‘क्लॅप’ देत. येथे ते राहून गेले. अनेक कॅमेरे, सुमारे वीस तासांची फिल्म, मधूनमधून बंद-चालू केलेली, आणि पाटी एकदाही नाही. कोणत्या ओठांना कोणता स्वर, हे कुणालाच सांगता येईना. ओठ वाचणारे बसवून पाहिले. वृंदसंचालक हॅमिल्टनलाही बोलावले. जमले नाही. डबे कोठारात गेले.

हा निव्वळ हलगर्जीपणा, असे म्हणता येईल. आम्हांला त्यात आणखी काही दिसते. एक गाणे चित्रणासाठी थांबवून पुन्हा सुरू केलेले आपण पडद्यावर पाहतो. म्हणजे उपासना कॅमेऱ्याला काही प्रमाणात वश झाली होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही पाटी वाजवायला मध्ये उभा राहील असा माणूस त्या खोलीत नव्हता. भर प्रार्थनेत कुणाच्या तोंडासमोर लाकूड आपटावयाचे?

२००७ साली ॲलन एलियट या निर्मात्याने ते डबे मिळवले. २००८ साली पोलॅक वारला. पुढे संगणकाच्या साहाय्याने चित्र आणि स्वर एकदाचे जुळले. पण आता अरिथाच आड आली. २०११ साली तिने दावा केला. २०१५ साली कोलोरॅडोतील एका महोत्सवात चित्रपट दाखवला जाणार होता, तो तिने न्यायालयाकरवी ऐन वेळी थांबवला. आपल्या संमतीवाचून हे चित्रण दाखवता येणार नाही, हे तिचे म्हणणे. १६ ऑगस्ट २०१८ रोजी ती वारली. त्यानंतर कुटुंबीयांनी परवानगी दिली आणि नोव्हेंबरात चित्रपट न्यूयॉर्कमध्ये दाखवला गेला.

हे सारे कळले, तेव्हा आमचा आनंद थोडा डागाळला. जिने हयातीत नको म्हटले, तिचे हे रूप आम्ही चहा पीत पाहिले होते. प्रार्थना करणाऱ्याचे चित्र कुणाच्या मालकीचे? कुटुंबाने परवानगी दिल्याने कायदा संतुष्ट होतो. मन तितक्या लवकर होत नाही. न्यायालयातील कागद संमती आणि करार यांविषयी बोलतात, आणि तेवढेच कारण असेलही. पण रेव्हरंड फ्रँकलिन यांचे पुढे काय झाले ते वाचल्यावर आम्हांला वाटून गेले की, तो रुमाल पुन्हा पाहणे तिला सोपे गेले नसेल. १९७९च्या जूनमध्ये डेट्रॉइटच्या घरात शिरलेल्या चोरांनी त्यांना गोळ्या घातल्या. पाच वर्षे ते बेशुद्धावस्थेत पडून होते. १९८४च्या जुलैत गेले. हे आमचे केवळ अनुमान. ते चुकीचे असले, तर तिने क्षमा करावी.

असे असूनही आम्ही तो चित्रपट दुसऱ्यांदा पाहिला, हे येथे प्रांजळपणे नमूद करतो.

त्यानंतर त्या जुन्या सहाध्यायाला दूरध्वनी केला. आता तो दुसऱ्या धर्मप्रांतात धर्मगुरू आहे. घोगरा आवाज जेम्स क्लीव्हलंडचा, हे सांगितल्यावर तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, ती फीत अजून त्याच्या कपाटात आहे. पण ती वाजवायला त्याच्याकडे यंत्र उरलेले नाही.