अवकाशस्थ प्रतिमाकारी रडार

अवकाशस्थ प्रतिमाकारी रडार : उपग्रहावरून किंवा अवकाशयानातून पृथ्वीकडे सूक्ष्मतरंगांचे स्पंद सोडून, परत आलेल्या प्रतिध्वनींवरून भूपृष्ठाची प्रतिमा तयार करणारी यंत्रणा. तिला सूर्यप्रकाश लागत नाही आणि ढगांचा फारसा अडथळा होत नाही. त्यामुळे ती रात्री आणि ऐन पावसाळ्यातही उपयोगी पडते.

कार्यतत्त्व : शेकडो किलोमीटर उंचीवरून बारीक तपशील टिपायचा, तर अँटेना काही किलोमीटर लांब असावी लागेल. त्याऐवजी उपग्रह पुढे सरकत असताना एकाच ठिकाणाहून येणारे असंख्य प्रतिध्वनी त्यांच्या कलेसह (तरंगाच्या आवर्तनातील स्थितीसह) नोंदवतात आणि गणिताने एकत्र करतात. छोटी अँटेना अशा रीतीने मोठीचे काम करते. या ‘सिंथेटिक अ‍ॅपर्चर रडार’ (सार) तंत्राची मूळ कल्पना अमेरिकन अभियंता कार्ल वायली यांनी 1951 मध्ये मांडली.

प्रतिमेचा उजळपणा पृष्ठाचा खडबडीतपणा, उतार व ओलावा यांवर ठरतो. संथ पाणी तरंग दुसरीकडे परावर्तित करते, म्हणून ते काळे दिसते. पूरक्षेत्राचे नकाशे याच आधारे काढतात. एक्स पट्टा (तरंगलांबी सुमारे 3 सेंमी.) झाडांच्या शेंड्यांवरूनच परततो, तर एल पट्टा (सुमारे 24 सेंमी.) पानोळ्यातून खोड-फांद्यांपर्यंत पोचतो. दोन वेळच्या प्रतिमांमधील कलाभेदावरून जमिनीचे काही सेंटिमीटरचे सरकणेही मोजता येते.

इतिहास : 1978 मध्ये सोडलेला नासाचा सीसॅट हा असे रडार वाहणारा पहिला नागरी उपग्रह, विद्युत बिघाडामुळे तो साडेतीन महिन्यांतच बंद पडला. 1981 मध्ये कोलंबिया यानातील रडारने पूर्व सहारातील कोरड्या वाळूखाली गाडलेली नदीपात्रे दाखवली. पुढे युरोपचा ईआरएस-1 (1991), कॅनडाचा रडारसॅट-1 (1995) आणि युरोपचा सेंटिनेल-1ए (2014) हे उपग्रह आले.

भारत : 2012 मध्ये इस्रोने सी पट्ट्याचा रिसॅट-1 सोडला. खरीप हंगामात आकाश ढगाळ असल्याने भातक्षेत्राच्या अंदाजासाठी अशा प्रतिमा मोलाच्या ठरतात. ईओएस-04 (2022) त्याच मालिकेतील आहे.

मर्यादा : डोंगराळ भागात प्रतिमा विकृत होते, उतारांमागे रडारछाया पडते आणि प्रतिमेत कणीदार गोंगाट राहतो. त्यामुळे तिचे वाचन तज्ज्ञांना करावे लागते.

नासा आणि इस्रो यांचा संयुक्त निसार उपग्रह 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोटाहून सोडण्यात आला. त्यात एल व एस असे दोन पट्टे आणि 12 मी. व्यासाचा परावर्तक असून तो दर 12 दिवसांनी त्याच मार्गावरून जातो.