२४१२चं कूळ

शिकाऊ वैमानिक ज्यावर हात बसवतात त्या सेस्ना १७२ विमानाचा पंख काकडीसारखा चिरला, तर हाती येणाऱ्या चकतीच्या आकाराला एनएसीए २४१२ म्हणतात. हे चार आकडे म्हणजे त्या आकाराची कुंडलीच. पहिला आकडा सांगतो की पंखाच्या मधल्या रेषेचा बाक त्याच्या रुंदीच्या २ टक्के आहे. हा बाक सर्वांत जास्त कुठे, तर पुढच्या कडेपासून ४० टक्क्यांवर, हे दुसरा सांगतो. शेवटचे दोन मिळून जाडी सांगतात, रुंदीच्या १२ टक्के. हे आकडे एनएसीए या अमेरिकी विमान-संशोधन संस्थेने १९३३ साली छापले. पण या आकारांच्या कुळाची सुरुवात त्याआधी तीसेक वर्षं, डेटनमधल्या राइट बंधूंच्या सायकल दुकानात झाली.

१९०१च्या उन्हाळ्यात राइट बंधूंचं ग्लायडर किटी हॉकजवळच्या वाळूत साफ फसलं. हिशेबाने मिळायला हवी होती त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीच उचल मिळाली. हिशेब जर्मनीच्या ओटो लिलिएंटालच्या तक्त्यावरून केलेला, आणि तो माणूस तर १८९६ साली ग्लायडरवरून पडूनच गेलेला. संशय साहजिकच त्याच्यावर गेला. खरं तर तक्ता त्याच्या स्वतःच्या पंखांपुरता ठीक होता. भाऊ तो वेगळ्याच घडणीच्या पंखाला लावत होते. शिवाय जॉन स्मीटनच्या नावाने अठराव्या शतकापासून चालत आलेला हवेच्या दाबाचा गुणांकच दीडपट फुगलेला होता. सगळे ०.००५ धरत, राइट बंधूंना तो ०.००३३च्या आसपास मिळाला.

त्या शरद ऋतूत त्यांनी सहा फूट लांब, आतून सोळा इंच चौरस अशी लाकडी पेटी केली आणि एका तोंडाला पंखा बसवला. आत करवतीच्या जुन्या पात्यांचे आणि सायकलच्या आऱ्यांच्या तारेचे दोन तराजू. एक उचल मोजायचा, दुसरा वाऱ्याने मागे खेचणारी ओढ. पत्र्याचे सुमारे दोनशे छोटे पंख त्यांनी त्या वाऱ्यात धरून पाहिले. मोजणी चालू असताना खोलीतली मोठी वस्तू हलवायलाही बंदी होती, कारण तेवढ्यानेही वारा बदलायचा. माझ्या मते राइट बंधूंचा खरा शोध हे तराजू आहेत. विमान त्यांच्या पोटी जन्माला आलं.

तराजूंनी सांगितलं की तेवढ्याच उचलीसाठी लांब आणि अरुंद पंख कमी ओढ सोसतो. याचं कारण पंखाच्या टोकाशी आहे. पंख हवेला खाली ढकलतो आणि हवा त्याला वर. पंखाखाली दाब जास्त, वर कमी. टोकाशी खालची हवा वळसा घालून वर पळते आणि भोवरे उठतात. त्या भोवऱ्यांची किंमत इंजिन चुकवतं. टोकं एकमेकांपासून जितकी दूर, तितकी ही गळती कमी. १९०१चे पंख २२ फूट लांब आणि ७ फूट रुंद होते, १९०२चे ३२ फूट लांब आणि ५ फूट रुंद. नवं ग्लायडर तरंगलं.

(वरची वाट लांबची, म्हणून वरची हवा घाईने धावून खालच्या हवेला मागच्या कडेशी गाठते, हे स्पष्टीकरण शाळेत अजून ऐकू येतं. ते चूक आहे. अशी गाठ पडतच नाही. वरची हवा आधीच निघून गेलेली असते.)

पण वाऱ्याच्या अशा लहान पेट्यांनी पुढे वीसेक वर्षं बहुतेकांना फसवलं. छोट्या नमुन्यावर, मंद वाऱ्यात हवेचा चिकटपणा फार जाणवतो, आणि अशा वेळी पातळ पंखच सरस ठरतो. म्हणून पहिल्या महायुद्धातली बहुतेक विमानं पात्यासारखे पंख तारांनी ताणून उडत होती, आणि त्या तारांचीच ओढ अवाढव्य. जाड पंखाचं मोल आधी जर्मनांनी ओळखलं. तो वाऱ्याला जास्त कोन करूनही टिकतो आणि त्याच्या पोटात तुळई मावते, मग तारा हव्यात कशाला?

जर्मनीतल्या गॉटिंगेनहून अमेरिकेत आलेल्या माक्स मुंकने लहान नमुन्यांच्या या फसवणुकीवर तोड सुचवली: नमुना मोठा करता येत नसेल तर हवा दाट करा. न्यूपोर्ट न्यूजच्या जहाज कारखान्याने पोलादी टाकी घडवली आणि एनएसीएच्या व्हर्जिनियातल्या लँग्ली प्रयोगशाळेत १९२२पासून तिच्यात वीसपट दाबाची हवा फिरू लागली. मुंक बुद्धिमान, पण हाताखालच्यांना नकोसा. १९२७च्या सुरुवातीला विभागप्रमुखांनी एकगठ्ठा राजीनामे दिले, आणि गेला तो मुंक. टाकी राहिली.

याच टाकीवर ईस्टमन जेकब्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कुळाची मांडणी केली. त्या काळचे दोन नामांकित आकार होते, अमेरिकेचा क्लार्क वाय आणि जर्मनीचा गॉटिंगेन ३९८. दोघांचा बाक काढून सरळ केलं आणि जाडी सारखी केली, तर दोघे जवळपास एकच निघाले. हीच जाडीची रेघ समीकरणात बसवली आणि मग एका वेळी एकच गोष्ट बदलत ७८ आकार तपासले. त्यांतला प्रत्येक काही उत्तम नव्हता. पण जाडी वाढवली तर ओढ किती वाढेल, हे आता अंदाजाने नव्हे, तक्त्यात पाहून कळत होतं. डग्लस कंपनीने डीसी-३साठी पंखाच्या मुळाशी २२१५ निवडला. १९४७च्या ऑक्टोबरात शीख पलटण श्रीनगरला उतरवणारे डाकोटा, म्हणजे डीसी-३चेच लष्करी भाऊ, त्याच पंखांवर उडाले.

बाकाचे दोन्ही आकडे शून्य असतील तर पंख वरखाली सारखाच. शेपटीला तोच हवा, कारण तिला दोन्ही बाजूंना जोर लावावा लागतो. बेलच्या ह्युई हेलिकॉप्टरचं पातंही ००१२च. आणि आज हवेचा प्रवाह संगणकावर सोडवणारी नवी प्रणाली कुणी लिहिली की तिच्यापुढे सुरुवातीलाच ००१२ ठेवतात. त्याची उचल आणि ओढ लँग्लीत पुन्हा पुन्हा मोजलेली आहे. उत्तर जुळलं नाही तर चूक प्रणालीत शोधायची.